मेलं नाही, निजलंय!

आधी एक कबुली देते. दोन वर्षांपूर्वी मी एका सड्याची वाट लावली आहे. एकटीनं नाही, आम्ही चाळीस जण होतो. अंगात एनएसएसचे टी-शर्ट, हातात टिकाव-फावडी, आणि जोडीला प्रचंड उत्साह.

सातारा जिल्ह्यातल्या एका गावात आमचं शिबिर होतं. मे महिना संपत आलेला. गावाच्या वर, डोंगरमाथ्यावर सपाट खडक पसरलेला. तिकडं त्याला सडा म्हणतात. झाड नाही, सावली नाही, माती जेमतेम बोटभर. खडकाच्या भेगांमधून वाळून करकरीत झालेले गवताचे झुबके तेवढे डोकावत होते. आमचं काम सोपं होतं. झुबके उपटायचे, जागा 'साफ' करायची, पहारीनं खड्डे पाडायचे, खालून ट्रॉलीनं आलेली माती भरायची. पाऊस सुरू झाला की रोपं लावायची. त्या दिवशीच्या माझ्या रीलचं कॅप्शन होतं, 'ओसाड माळाचं नंदनवन करताना'. लाइक्स भरपूर आले.

शिबिराच्या चौथ्या दिवशी वळीव कोसळला. पुढचा दिवस गावातच गेला. त्यानंतर वर गेलो, तर उपटून ठेवलेल्या गवताचा ढीग हिरवा झाला होता! मुळं उघडी पडलेली, खाली माती नाही, आणि तरी पाती हिरवी. आमच्यातला एक जण म्हणाला, "बिया असतील, कोंब फुटले." आम्हाला पाणी आणून देणाऱ्या एक आजी होत्या. त्या हसून म्हणाल्या, "मेलं न्हाई ते पोरी. निजलं हुतं."

"हो का आजी?" असं म्हणून आम्ही तो हिरवा ढीग फावड्यानं कडेला ढकलून दिला आणि खड्ड्यांकडे वळलो.

हे सगळं मी विसरूनही गेले असते. पण यंदा इंटर्नशिपच्या दुसऱ्याच आठवड्यात मला एका शास्त्रज्ञावर तीनशे शब्द लिहायला सांगितले. दुष्काळात टिकणाऱ्या वनस्पतींवर काम करणाऱ्या बाई, एवढंच मला माहीत होतं. वाचायला बसले आणि पंधरा मिनिटांत तो ढीग डोळ्यांसमोर उभा राहिला. म्हणून आज तीनशे शब्दांच्या जागी हा मोठा लेख तुमच्यासमोर आहे. तोही माफीनाम्यासकट.

एका नऊ वर्षांच्या मुलीची नोंद

त्या शास्त्रज्ञ म्हणजे जिल फॅरंट. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउन विद्यापीठात त्या प्राध्यापक आहेत. साल १९७०. फॅरंट नऊ वर्षांच्या होत्या. खडकावरचं एक मेलेलं झाड पावसानंतर जिवंत झालेलं त्यांनी पाहिलं. वडिलांना सांगितलं, त्यांचा विश्वास बसला नाही. मग त्या चिमुरडीनं काय केलं, तर आपल्या डायरीत, चुकीच्या स्पेलिंगसकट, नोंद करून ठेवली. झाड जिवंत होतं आणि बाबांना ते पटत नाही, अशी.

पुढे त्या वनस्पतिशास्त्रात आल्या, पण लगेच त्या झाडाकडे गेल्या नाहीत. सुरुवातीचं त्यांचं काम बियांवर होतं. आणि गंमत म्हणजे, वाळवल्या की मरणाऱ्या बियांवर. खाजणात वाढणाऱ्या तिवराच्या बिया त्यांनी अभ्यासल्या. बियांकडून पुन्हा त्या लहानपणीच्या कोड्याकडे त्या आल्या आणि मग त्यातच राहिल्या. २०१२ मध्ये त्यांना विज्ञानातल्या स्त्रियांसाठीचा लोरियाल-युनेस्को पुरस्कार मिळाला, तो याच कामासाठी.

हे 'बियांकडून झाडाकडे' प्रकरण नीट समजून घ्या, कारण सगळी मेख तिथेच आहे. आणि त्यासाठी प्रयोगशाळेत जायची गरज नाही, आजीच्या घरी गेलात तरी चालेल.

कणगीतली ज्वारी आठवा. खडखडीत वाळलेली. पुढच्या हंगामात, नीट ठेवली तर त्याच्याही पुढच्या हंगामात पेरा, उगवते. आता आंब्याची कोय किंवा फणसाची आठळी घ्या. जूनमध्ये उकिरड्यावर फेकली की तिला कोंब फुटतो. पण तीच वर्षभर वाळवून ठेवा आणि मग पेरा, काही होत नाही. ती मेलेली असते. म्हणजे वाळूनही जिवंत राहणं ही एक कला आहे. ज्वारीच्या दाण्याला ती येते, कोयीला येत नाही.

आता पुढचा प्रश्न. ज्वारीच्या दाण्याला जे जमतं ते ज्वारीच्या ताटाला का जमत नाही? दाणा वर्षभर कोरडा राहून जगतो, आणि त्याच दाण्यातून आलेलं ताट पावसानं तीन आठवडे ओढ दिली की माना टाकतं. जनुकं तर दोघांत तीच आहेत. एकाच वनस्पतीची ती दोन रूपं आहेत.

फॅरंट यांचं म्हणणं थोडक्यात असं: फुलं येणाऱ्या बहुतेक वनस्पतींकडे कोरडेपणा सोसण्याची जनुकं असतात, पण ती फक्त बी तयार होताना चालू होतात. पुढे पानांत आणि मुळांत ती गप्प बसतात. खडकावरच्या त्या मोजक्या वनस्पतींनी मात्र बियांची ही युक्ती पानांतही वापरायला सुरुवात केली. झेरोफायटा नावाच्या आफ्रिकन वनस्पतीचा जनुकीय नकाशा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्या कामात फॅरंटही होत्या. वाळणाऱ्या पानात एरवी बियांमध्ये दिसणारी बरीच जनुकं कामाला लागलेली त्यात दिसली.

इंग्रजीत यांना 'रेझरेक्शन प्लांट्स' म्हणतात. मराठीत पुनरुज्जीवी वनस्पती म्हणू. पण आजींचा शब्द मला जास्त बरोबर वाटतो. मेलेलं काही उठत नाही, निजलेलं उठतं.

चिक्कीचा पाक आणि बंद कारखाना

ही झोप नेमकी कशी लागते?

या वनस्पतींच्या पेशींतलं सुमारे ९५ टक्के पाणी जातं तरी त्या मरत नाहीत. आपल्या शेतातली पिकं याच्या कितीतरी आधी हात टेकतात. पेशीतलं पाणी गेलं की पेशी आक्रसते, तिची आवरणं फाटतात, आतली प्रथिनं एकमेकांना चिकटून निकामी होतात. नंतर कितीही पाणी घाला, उपयोग नाही.

निजणारं झाड मात्र पाणी संपत आलं की तयारीला लागतं. पेशींमध्ये साखर साठवतं. सोबत प्रथिनांना आणि आवरणांना जपणारी खास प्रथिनं बनवतं. पाणी कमी होत जातं तसा हा साखरेचा घोल घट्ट होत जातो आणि शेवटी काचेसारखा कडक होतो. चिक्कीचा पाक आठवा. आधी पातळ, मग तार, मग ताटात ओतला की कडक आणि चकचकीत. त्या पाकात शेंगदाणे जसे जागच्या जागी अडकून बसतात, तसा पेशीतला सगळा ऐवज जागच्या जागी थांबतो. काही हलत नाही, म्हणून काही तुटतही नाही.

दुसरी अडचण उन्हाची. पान हिरवं आहे म्हणजे ते ऊन शोषणार. पण पाणी नसल्यानं अन्न बनवायचा कारखाना बंद. मग आत येणारी ऊर्जा जाणार कुठे? ती पेशीचंच नुकसान करते. यावर या वनस्पतींनी दोन उपाय काढले आहेत. झेरोफायटासारख्या काही सरळ आपलं हरितद्रव्यच मोडून टाकतात, आणि पाऊस आला की नव्यानं बनवतात. बाकीच्या हरितद्रव्य ठेवतात, पण पानं दुमडून घेतात, गुंडाळून घेतात, म्हणजे ऊन कमी लागेल. आपण त्यांना बघतो आणि म्हणतो, 'वाळून कोळ झालंय.' तिकडे आत अगदी शिस्तीत बंद केलेलं घर असतं. गॅस बंद, नळ बंद, पडदे ओढलेले.

आफ्रिकेत लोकांना हे पूर्वीपासून माहीत आहे. मिरोथॅम्नस नावाचं असंच एक झुडूप आहे. दक्षिण आफ्रिकेत त्याचा चहा करतात, औषधात वापरतात. झुलू भाषेतलं त्याचं नावच मेल्यातून उठणारं अशा अर्थाचं आहे. म्हणजे तिथल्या आज्यांनाही ठाऊक होतं. शास्त्रज्ञांनी त्यातलं 'कसं' शोधलं.

इथे एक व्यवसायातली गोष्टही सांगायला हवी. माझ्या पहिल्या मसुद्याचं शीर्षक होतं, 'संजीवनी सापडली!' डेस्कवरच्या ताईंनी ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि एकच विचारलं, "कुणाला सापडली?" मी गप्प. जत्रेत वाळकी गुंडाळी विकतात ना, पाण्यात टाकली की उलगडते? ती बहुधा सेलॅजिनेला नावाची नेच्यांच्या नात्यातली वनस्पती असते आणि ती खरोखर निजणारी आहे. पण नुसतं उलगडणं म्हणजे जगणं नव्हे. वाळवंटात 'जेरिकोचा गुलाब' म्हणून एक झुडूप असतं. ते मेल्यानंतरही पाण्यात टाकलं की उलगडतं, कारण त्याच्या फांद्या नुसतं पाणी शोषून फुगतात. जिवंत काहीच झालेलं नसतं. 'चमत्कार' आणि 'संजीवनी' हे शब्द आपण बातमीत टाकतो तेव्हा हाच फरक पुसून टाकतो. वाचणाऱ्याला पाच मिनिटं मजा येते आणि 'कसं' विचारायचं राहून जातं.

उपयोग काय, हा प्रश्न

तुमच्यातले काही जण म्हणतील, हे सगळं भारी आहे, पण याचा उपयोग काय? प्रश्न योग्यच आहे. मीही विचारला असता. माझ्या पिढीला १९७२ चा दुष्काळ फक्त ऐकून माहीत आहे, पण पावसाचा खंड आम्हीही पाहिला आहे. जूनमध्ये पेरलं, जुलैत आभाळ कोरडं, दुबार पेरणी, पुन्हा बियाण्याचा आणि खताचा खर्च. होस्टेलवरच्या कितीतरी जणींची फी या एका खंडावर अवलंबून असते.

फॅरंट यांचं उद्दिष्ट आहे असं पीक, जे हा खंड झोपून काढेल. त्यांचं लक्ष आहे टेफवर. टेफ हे इथिओपियाचं मुख्य धान्य. दाणा खसखशीसारखा बारीक, आणि त्याच्या आंबवलेल्या पिठाचं घावनासारखं इंजेरा रोजच्या जेवणात असतं. टेफचंच एक रानटी भावंड निजणारं आहे. मग त्या भावंडाला जमतं ते टेफला शिकवता येईल का? नवीन काही बाहेरून आणून कोंबायचं नाही, जे बीमध्ये आधीपासून आहे तेच पानात चालू करायचं. असा हा विचार आहे.

झालंय का तसं? नाही. दुष्काळात झोपून पुन्हा उठणारं धान्याचं पीक आज बाजारात नाही. आणि ते सोपंही नाही. खडकावरच्या या वनस्पती लहानखुऱ्या असतात, सावकाश वाढतात. झोपलेलं झाड दाणा भरत नाही. शेतकऱ्याला झोपही हवी आणि पोतंभर दाणेही हवेत. या दोन्हींचा मेळ घालण्यात किती वर्षं जातील हे ठरलेलं नाही.

मग आशा कशाच्या जोरावर ठेवायची? एक उदाहरण आपल्याच देशातलं आहे, पण उलट्या संकटाचं. ओडिशातल्या एका जुन्या देशी भातापासून निवडलेलं 'एफआर १३ ए' नावाचं वाण आहे. उत्पादन कमी, पण पुरात आठवड्याहून जास्त काळ पाण्याखाली राहून पुन्हा उभं राहायचं. त्यातलं कळीचं जनुक २००६ मध्ये ओळखलं गेलं. आपल्याकडे लोकप्रिय असलेल्या 'स्वर्णा' भातात नेहमीच्या संकराच्या पद्धतीनं ते उतरवलं आणि २००९ मध्ये 'स्वर्णा-सब १' भारतात शेतकऱ्यांसाठी प्रसारित झालं. हे भात दोन आठवड्यांच्या आसपास पाण्याखाली तग धरतं. त्याची युक्तीही झोपेचीच आहे. पाण्याखाली उंच वाढायची धडपड न करता ते वाढ थांबवतं आणि शक्ती राखून ठेवतं.

पण या गोष्टीतला मधला टप्पा विसरू नका. कमी पिकतं म्हणून ते देशी भात कुणी जपून ठेवलंच नसतं, तर शोधायला जनुकच उरलं नसतं.

सातबाऱ्यावरचा पोटखराबा

आता परत सड्यावर येऊ.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी पश्चिम घाटात अशा निजणाऱ्या वनस्पतींचा शोध घेतला. मंदार दातार आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे काम २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. आधी पश्चिम घाटातून अशा जेमतेम ९ वनस्पती माहीत होत्या. या अभ्यासात त्यांची संख्या ६२ वर गेली. त्यातल्या १६ फक्त भारतात आढळतात आणि १२ तर फक्त पश्चिम घाटातल्या खडकाळ जागांवर. सगळ्यात जास्त प्रजाती कुणाच्या, तर ट्रायपोगॉन नावाच्या गवताच्या. बारीक पात्यांचे झुबके, खडकाच्या भेगेत उगवणारे, उन्हाळ्यात करकरीत वाळणारे.

मी हे वाचलं आणि लॅपटॉप बंद केला. आम्ही उपटलेल्या झुबक्यांचं नाव मी तेव्हा कुणालाच विचारलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट सांगते. ट्रायपोगॉन, आफ्रिकेतलं टेफ आणि आपली नाचणी ही तिन्ही गवताच्या एकाच उपकुळातली आहेत. सख्खी नाहीत, पण चुलत घराण्यातली नक्कीच. म्हणजे ज्या गावाच्या उतारावर नाचणी पिकते, त्याच गावाच्या माथ्यावर नाचणीचं एक नातेवाईक पाण्याशिवाय झोपून राहायची कला घेऊन बसलेलं आहे. फॅरंट ज्या प्रश्नामागे केपटाउनमध्ये इतकी वर्षं आहेत, त्याची ६२ उत्तरं आपल्या डोंगरांवर आहेत.

आणि या जागेला आपण काय म्हणतो? पडीक. ओसाड. शिबिरातल्या माझ्याच वयाच्या एका स्थानिक मुलाशी माझी अजून ओळख आहे. बी.कॉम. करतो, घरची दीड एकर शेती बघतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, "अगं, आमच्या सातबाऱ्यावर तो सडा पोटखराबा म्हणून लागलाय." पोटखराबा म्हणजे गटातली पिकाला निकामी जमीन. सरकारच्या पडीक जमिनींच्या वर्गवारीतही ओसाड खडकाळ जमीन हा वेगळा प्रकार आहे. कागदावर एकदा 'खराब' लिहिलं की पुढचं सगळं सोपं होतं. तिथे खडीचा क्रशर चालतो, रिसॉर्टचं पार्किंग चालतं, गाड्या फिरवून रील काढलेली चालते. आणि हे काहीच करायचं नसेल, तर आमच्यासारखे येतात आणि माती टाकून झाडं लावतात.

माझं मत इथे स्पष्ट सांगते. क्रशरवाला निदान आपण निसर्गासाठी करतोय असं म्हणत नाही. आम्ही म्हणत होतो. सड्यावर झाडं नाहीत, कारण तिथे झाडांची जागाच नाही. बोटभर मातीत, पावसाळ्यात पाण्यानं भरणाऱ्या आणि उन्हाळ्यात तव्यासारख्या तापणाऱ्या खडकावर जगण्यात तरबेज असलेल्यांची ती जागा आहे. निजणारी गवतं आहेत, पावसात सीतेची आसवं आहेत, गेंद आहे. त्यांच्यावर बाहेरची माती ओतणं म्हणजे एखाद्याच्या घरात शिरून त्याचं सामान बाहेर फेकणं आणि वर 'तुमचं घर सजवलं' म्हणणं. बरं, सजावट तरी टिकली का? आम्ही लावलेल्या तीनशे रोपांपैकी किती जगली, हेही मी त्या मित्राला विचारलं. "वीस-पंचवीस असतील," तो म्हणाला. "ती पण खालच्या अंगाला, वढ्याकडची."

वृक्षारोपण वाईट, असं मी म्हणत नाही. जी वीस-पंचवीस जगली, ती ओढ्याच्या बाजूची आहेत, यातच उत्तर आहे. बांधावर लावा, ओढ्याकाठी लावा, गावातल्या शाळेभोवती लावा, जिथे तोडली तिथे लावा. पण मोकळा खडक दिसला की हात शिवशिवतात, ते थांबवा.

"गवतानं पोट भरणार का?"

माझ्या मित्राला हे सगळं मी अगदी भाषण दिल्यासारखं ऐकवलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आम्ही काय करायचं? एक पार्टी सडा भाड्यानं मागतेय. सपाट करून टेंट लावणार. तुमच्या गवतानं आमचं पोट भरणार का?"

याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं, आणि आहे असं दाखवणार नाही. कासच्या पठाराचं नाव २०१२ मध्ये जागतिक वारशात गेलं. आज तिथे प्रवेश शुल्क आहे, रोजच्या गर्दीवर मर्यादा आहे आणि आसपासच्या गावांच्या समित्या व्यवस्था बघतात. पण कासला फुलं आहेत. फुलांचे फोटो निघतात. वाळक्या गवतासाठी तिकीट कोण काढणार? प्रत्येक सड्याचं कास करायचं ठरवलं, तर गर्दीनंच सडा संपेल.

तरीही दोन गोष्टी मला दिसतात, आणि दोन्हींत आपल्यासारख्यांना काम आहे.

पहिली, नोंद. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि गावाची लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. गावात काय उगवतं, लोक त्याला काय म्हणतात, कशासाठी वापरतात, हे सगळं त्यात लिहायचं असतं. गावच्या जैविक संपत्तीचा कुणी व्यापारी उपयोग केला, तर फायद्यातला वाटा स्थानिकांना मिळावा, अशी तरतूदही याच कायद्यात आहे. पण वाटा मागायला आधी आपल्याकडे काय आहे ते माहीत पाहिजे. सातबाऱ्यावर 'खराबा' आणि नोंदवहीत रिकामं पान असेल, तर मागणार कशाच्या आधारावर? वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ओळख पटवायची, आमच्यासारख्यांनी आज्यांशी बोलून लिहून काढायचं. शिबिराचे सात दिवस याला पुरेसे आहेत. हातात टिकावाऐवजी वही घ्यायची, एवढाच बदल.

दुसरी, वेळ. जिल फॅरंट यांनी नवव्या वर्षी एक गोष्ट पाहिली. आज त्या साठीच्या पुढे आहेत आणि पीक अजून शेतात आलेलं नाही. तरी कुणी त्या संशोधनाला पोटखराबा म्हणत नाही. आपल्याकडे बी.एस्सी. बॉटनी घेतलेल्या मुलीला पहिला प्रश्न येतो, "मग याचं पुढे काय?" दुसरा येतो, "बीएड करणार का?" माझ्या ओळखीतल्या दोघींनी गवतांवर संशोधन करायचं सोडून दुसरी वाट धरली, कारण घरी 'गवतावर पीएचडी' हे सांगणंच हास्यास्पद वाटत होतं. सड्याला आपण जो शेरा मारतो, तोच या मुलींना मारतो. दोन वर्षांत फळ दिसलं नाही की शेरा ठरलेला.

म्हणून या पावसाळ्यात तुमच्या कॉलेजच्या ग्रुपवर 'वृक्षारोपण, सर्वांनी यावे' असा मेसेज आला, तर एकच प्रश्न विचारा: जागा कोणती? सडा असेल, कातळ असेल, पठार असेल, तर सरांना सांगा, आधी एकदा नुसतं बघायला जाऊ. मे महिन्यात एकदा आणि पहिल्या पावसानंतर एकदा. ज्याला मेलेलं समजतोय ते निजलेलं नाही ना, एवढी खात्री करून घेऊ. हा प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. नऊ वर्षांच्या मुलीलाही तो पडला होता.

मित्राच्या घरच्यांनी त्या पार्टीला अजून होकार दिलेला नाही. नकारही दिलेला नाही. परवा मी त्याला म्हटलं, मला त्या पाणी आणणाऱ्या आजींशी बोलायचंय. त्यानं त्यांच्या घरी जाऊन फोन लावून दिला. मी आधी माफी मागितली. त्यांना काही ती कळली नाही. मग विचारलं, "आजी, त्या गवताला तुमच्यात काय म्हणतात?"

"फोनवर नाव सांगून काय कळणार तुला?" आजी म्हणाल्या. "ये की इकडं, दावते. पण पाऊस पडायच्या आदी ये. निजल्यालं बगायचं आसंल तर."

वही घेतली आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात जातेय.